मागे बसणारे तांबोळीसाहेब

आमच्या परवाना खात्यात कुणी नवीन रुजू झालं की आठवड्याच्या आत ते तांबोळीसाहेबांना म्हणणारच, "साहेब, तुमचं मराठी किती छान आहे हो!" साहेब फाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "तुमचंही बरं आहे. सुधारेल." मीसुद्धा म्हटलं होतं. मी कोथरूडची, मराठीत एम. ए., आणि मला म्हणे सुधारेल! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पहिल्याच टिपणीतल्या चार चुका पेन्सिलीने हलक्या हाताने दाखवल्या, तेव्हा बोलणं भाग पडलं.

रशीद तांबोळी, हेडक्लार्क. भवानी पेठेत तीन पिढ्यांपासून घर. बाराही महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा, मोजायची टेप आणि एक पक्कड. हेडक्लार्कला पक्कड कशाला लागते, हे मी पहिले सहा महिने कुणाला विचारलं नाही. आमच्या ऑफिसात लोकांच्या पिशव्यांतून काय काय निघतं ते सांगायला बसले तर वेगळा लेख होईल.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. कुठलाही नियम समोर आला की विचारायचे, "हा कुणामुळे?"

आम्ही म्हणायचो, "वरून आलाय, साहेब."

"वरून पाऊस येतो, कदमबाई. नियम माणसामुळे येतो. कोण तो, ते सांगा."

फटाक्यांच्या स्टॉलसाठी आमची स्थानिक नियमावली होती. चौदा कलमं, आणि साहेबांना त्या चौदांमागची माणसं पाठ. कलम तीन, दोन स्टॉल समोरासमोर नसावेत. हे दोन सख्ख्या भावांमुळे. वाटणीवरून बिनसलं, तेव्हा समोरासमोर स्टॉल टाकून एकाने दुसऱ्याच्या दिशेने माळ सोडली. कलम पाच, गिऱ्हाइकाला फटाका वाजवून दाखवू नये. "हे एका प्राध्यापकांमुळे. सुतळी बॉम्ब घेण्याआधी आवाज ऐकून घेतो म्हणाले." पुण्यात असा माणूस निघणारच, मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. कलम नऊ, वाळूच्या बादलीत पान खाऊन थुंकू नये. हे कुणामुळे म्हटलं, तर जरा थांबून म्हणाले, "हे माझ्या मेव्हण्यामुळे."

कलम सात मात्र ते नुसतं वाचायचे. "प्रत्येक शेडला मागील बाजूस दार असावे व विक्री चालू असताना त्याची कडी लावलेली नसावी." हे कुणामुळे, साहेब? "आहे कुणीतरी," म्हणायचे आणि चहा मागवायचे.

मागच्या दाराचं त्यांना वेडच होतं म्हणा ना. लग्नाला गेले तर आधी कार्यालयाच्या मागच्या बाजूला चक्कर, मग अक्षता. नाटकाला गेले तर मध्यंतरात बटाटेवडा सोडून हे बाहेर जायच्या दाराला कुलूप आहे का ते बघणार. आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला सगळं ऑफिस आलं होतं. कुणी ओट्याचं कौतुक केलं, कुणी फरशीचं. साहेबांनी सरबताचा पेला घेतला, सरळ शेवटच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले.

"मागचं दार कुठंय?"

अहो, चौथ्या मजल्यावर मागचं दार कुठून आणायचं?

"मग गॅलरीला ग्रिल लावू नका."

ग्रिल आदल्याच आठवड्यात बसलं होतं, तेही वेलबुट्टीचं. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ता ग्रिल काढा म्हणतात, उद्या भिंती काढा म्हणतील!" साहेबांनी ऐकलं आणि हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती, ग्रिलला उघडती खिडकी करून देणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर. मी दोन वर्षं काही केलं नाही. दोन वर्षं रोज सकाळी ते फक्त एवढंच विचारायचे, "फोन केलात?" शेवटी वैतागून केला.

पक्कड कशाला ते मला पहिल्या दिवाळीत कळलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मला त्यांच्याबरोबर तपासणीला पाठवलं होतं. काही मैदानांवर स्टॉलवाले मागचं दार चोरीच्या भीतीने तारेने बांधून टाकत. साहेब वाद घालत नसत. पिशवीतून पक्कड काढायची, तार तोडायची, तोडलेली तार मालकाच्या हातात द्यायची आणि "शुभ दीपावली" म्हणून पुढे जायचं. मालक त्या तारेकडे बघत उभा.

संध्याकाळी आम्ही एका शाळेच्या मैदानावर पोहोचलो. वीसेक स्टॉलची एकच रांग, सगळ्या पत्र्याच्या शेड. रांगेच्या मागे कंपाउंडची भिंत आणि मध्ये चार-पाच फुटांचा बोळ. इथे तारा नव्हत्या, सगळी मागची दारं व्यवस्थित उघडी. मी फॉर्मवर खुणा करत होते. ऊन उतरलं आणि मागून आवाज आला, खट्. मग शेजारच्या शेडमधून, खट्. एकामागून एक कड्या लागायला लागल्या.

पहिला स्टॉल शेलारमावशींचा. मी तावातावाने विचारलं, हे काय चाललंय? मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अशुभ बोलले.

"अहो बाई, तिन्हीसांज झाली. लक्ष्मी यायची वेळ. पुढचं दार उघडं, मागचं बंद. तुमच्याकडे नाही का करत? मागचं उघडं राहिलं तर पुढून आलेली मागून निघून जाईल ना!"

करतात की. आमच्याकडेही करतात. सासूबाई तर तेवढ्यासाठी शेजारणीशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर सोडून उठतात. मी काय बोलणार?

आणि साहेब तरी काय बोलणार? परवाना रद्द करतो म्हणता आलं असतं. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तांबोळी आडनावाच्या माणसाने वीस स्टॉलवाल्यांना सांगायचं की लक्ष्मीचं राहू द्या, कडी काढा? मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मी म्हटलं तर ते भलतंच होऊन बसतं, कदमबाई. आणि तुम्ही म्हटलं तर कुणी ऐकत नाही." दोन्ही खरं होतं.

मग त्यांनी मावशींकडे एक स्टूल मागितलं.

"मावशी, असं करू या. मागचं दार राहू द्या उघडं. मी मागे बसतो. लक्ष्मी मागून निघालीच, तर परत पाठवतो."

"तुम्ही?"

"सरकारी माणूस आहे मी. पावती बघितल्याशिवाय कुणाला सोडलंय का आजवर?"

मावशी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की समोरचं गिऱ्हाईकही उगाच हसायला लागलं. "बसा तर मग! पण मध्येच उठायचं नाही हं. तुम्ही उठलात की मी कडी लावणार. मी लावली की सगळे लावणार."

"नाही उठत."

साहेब बसले. रांगेच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, पिशवी मांडीवर घेऊन. मावशींनी कडी काढली, मग शेजारच्याने काढली, आणि बघता बघता वीसही दारं उघडी. पुढे फुलबाज्या, भुईनळे, पोरांचे हट्ट, ही गर्दी. मागे हा माणूस ताठ बसलेला. तासाभराने मावशींनी त्यांना लाह्या-बत्तासे आणून दिले आणि विचारलं, "गेली का हो मागून?" साहेब म्हणाले, "एकदा डोकावली. पावती नव्हती."

त्यानंतर दर लक्ष्मीपूजनाला ते त्या मैदानावर तसेच बसायचे. स्टॉलवालेच स्टूल तयार ठेवायचे. एका वर्षी साहेबांना ताप होता, तरी मफलर गुंडाळून आले. मला ही सगळी गंमत वाटायची. घरी रंगवून सांगायचे मी. सासूबाईंनासुद्धा आवडायची.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं, तर उभे राहून म्हणाले, "कलम सात तेवढं बघा," आणि बसले. आम्ही सगळे हसलो.

पुढच्याच वर्षी पत्र आलं. स्थानिक फटाका नियम राज्याच्या कायद्याशी जुळवून घ्यावेत, सोबत नमुना. काम माझ्या टेबलावर. मी तीन रकाने आखले. राज्याची तरतूद, आपली तरतूद, शेरा. बरीच कलमं आपोआप बसली. काही राज्याची आपल्यापेक्षा चांगली होती, हेही सांगायला हवं. कलम सातसमोर राज्याच्या रकान्यात एवढंच होतं, शेड बंदिस्त व सुरक्षित असावी. मागच्या दाराचं अवाक्षर नाही. मी आमच्या अधिकाऱ्यांना विचारलं, एवढं एक जादा ठेवता येईल का? ते म्हणाले, "मॅडम, जुळवायला सांगितलंय. भर घालायला नाही."

मी शेऱ्यात लिहिलं, वगळावे. हात थांबला होता, खोटं नाही सांगत. पण थांबला म्हणजे काय, चहा प्यायले आणि लिहिलं.

मसुद्यावर हरकती मागवल्या. महिन्याभरात एकच आली. अक्षर बघितलं, तर साहेबांचं.

सुनावणीला आमचे अधिकारी, स्टॉलवाल्यांचे चार-पाच प्रतिनिधी, त्यांत शेलारमावशी, इतिवृत्त लिहायला मी, आणि समोर खुर्चीत साहेब. अधिकारी वाईट माणूस नव्हते. साहेब आत आले तेव्हा उठून उभे राहिले, पाणी मागवलं.

"तांबोळीसाहेब, आपलं म्हणणं मला पटतं. पण कायद्यात नाही ते आपण कुठून आणायचं? आणि दार उघडं म्हणजे शेड बंदिस्त कशी?"

स्टॉलवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "चोऱ्या होतात, साहेब. आम्हालाही बंदच बरं."

"शिवाय," अधिकारी म्हणाले, "उघड्या दारामुळे कुणी वाचलं, बंद दारामुळे कुणी गेलं, असं काही कागदावर आहे का?"

"आहे," साहेब म्हणाले. "जुन्या फाइलमध्ये अहवाल आहे. मीच लिहिलाय. स्टॉलला आग लागली, मागील दाराची कडी लावलेली होती, महिला बाहेर पडू शकली नाही."

"मग कडी त्या बाईंनीच लावली असणार. त्याला नियम काय करणार?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"कडी मी लावली."

मग साहेब सांगू लागले.

"नवीन होतो नोकरीत. तपासणीला गेलो होतो. सुमन वाघ त्यांचं नाव. तिन्हीसांज झाली होती, त्यांच्या हातात पूजेचं तबक. म्हणाल्या, भाऊ, हात गुंतलेत, जरा मागची कडी लावता का? मी लावली. घट्ट बसत नव्हती, तर ठोकून बसवली. मग सही घेऊन पुढच्या स्टॉलवर गेलो. समोरून कुठूनशी ठिणगी आली. पुढून आगच आग होती. मी मागे धावलो तर बाहेरून काही करता येईना, पत्रा आणि आतून कडी. हाताने ओढत होतो. त्या आतून हाका मारत होत्या. भाऊ म्हणूनच मारत होत्या." मग हळू आवाजात म्हणाले, "अहवालात कडी कुणी लावली ते मी लिहिलं नाही. कलम सात लिहिलं. कलम सात माझ्यामुळे आहे, कदमबाई. तुम्ही विचारत होतात."

इतकी वर्षं मी ती गंमत म्हणून सांगत होते! मला तिथे बसवेना. शेलारमावशींनी तोंडाला पदर लावला होता. अधिकाऱ्यांचे डोळेही भरून आले होते, मी बघितलं. ते म्हणाले, "साहेब, मी आपल्याला काय सांगू? माझ्या हातात असतं तर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा मॅडम."

मी लिहिलं. अर्जदाराने आपला अनुभव कथन केला. राज्याच्या कायद्यात तशी तरतूद नसल्याने हरकत नोंदवून घेऊन निकाली काढण्यात येत आहे. दोन ओळी झाल्या. खाली साहेबांची सही घ्यावी लागते, ती घेतली. त्यांनी ओळी वाचल्या, "कथन केला"च्या जागी "सांगितला" पुरेल म्हणाले आणि सही केली.

बाहेर जिन्यात मावशी त्यांना म्हणाल्या, "आता नव्या नियमात मागचा बोळ मोकळा ठेवा म्हणतात, तिथे कुणी थांबायचं नाही म्हणतात. आम्ही काय करणार, साहेब? परवाना जाईल. पण तुम्ही येऊन बसलात तर मी कडी लावणार नाही. शब्द देते."

त्या दिवाळीत मी एकटी तपासणीला गेले. आता फॉर्म नाहीत, मोबाईलवर सगळं. प्रत्येक मैदानाचा एक फोटो पुढून आणि एक मागून. मागच्या फोटोसाठी अट अशी की जागा मोकळी, कोणतीही व्यक्ती नको. शाळेच्या मैदानावर पोहोचले तेव्हा दिवे लागत होते. बोळात शिरले आणि बघितलं, साहेब बसलेले. तेच स्टूल, तीच पिशवी मांडीवर. बारीक झाले होते खूप. समोर वीसही दारं उघडी.

"या, कदमबाई. उशीर केलात."

मी त्यांना उठा म्हणाले नाही. देवाशपथ नाही म्हणाले. ते दिसत असतानाच फोटो काढला आणि पाठवून दिला. दोन मिनिटांत ऑफिसातून फोन. मॅडम, फोटोत माणूस आहे. लगेच दुसरा पाठवा, नाहीतर सगळी रांग बंद करायला लागेल. मी म्हटलं, अहो, आपले तांबोळीसाहेब आहेत. पलीकडचा म्हणाला, कोण? तो नवीन होता. मला पुढे कात्रजचं मैदानही बघायचं होतं.

वीस स्टॉल बंद करायचे, तेही लक्ष्मीपूजनाला? मी साहेबांपाशी गेले आणि म्हटलं, "साहेब, जरा फोटोपुरतं उठता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, स्टूल उचललं आणि मावशींच्या शेडकडच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

खट्. मावशींची कडी. त्यांचं अर्धं लक्ष मागेच होतं, आणि स्टूल घेऊन जाणारे साहेब त्यांना दिसले. मी "मावशी, थांबा!" म्हणून ओरडले, पण पुढे माळा फुटत होत्या, कोण ऐकणार? खट्. खट्. पार शेवटच्या शेडपर्यंत आवाज गेला. मी हातात मोबाईल धरून तशीच उभी. मग फोटो काढला. दुसरं काय करणार होते? हिरवी खूण आली, मंजूर.

त्या संध्याकाळी काही झालं नाही. त्यानंतरही आजवर कुठे काही झालेलं नाही, त्यामुळे नियम बरोबर आहे असं सगळे म्हणतात. साहेब पुढच्या उन्हाळ्यात गेले. मला दोन दिवसांनी कळलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या बोळातच.

"आला का फोटो?" त्यांनी विचारलं.

"आला, साहेब."

"नीट बघून घ्या. मी दिसत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं," म्हणाले आणि एका हातात स्टूल घेऊन बोळातून परत निघाले. दुसरा हात मोकळा होता. त्या हाताने ते जाता जाता प्रत्येक दार हलकेच ओढून बघत होते. पहिलं ओढलं, दुसरं ओढलं, असं करत वीसही.